चिंताविकार व कायिक लक्षणविकार यांतील परिचर्या

चिंताविकार व कायिक लक्षणविकार यांतील परिचर्या म्हणजे सततची अवाजवी भीती किंवा काळजी, तसेच तिच्यासोबत अथवा स्वतंत्रपणे उद्भवणाऱ्या शारीरिक तक्रारी यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांची परिचारिका व परिचारक यांनी पद्धतशीरपणे केलेली शुश्रूषा होय. हा मनोविकार परिचर्येचा एक भाग आहे. तथापि असे रुग्ण मनोविकार विभागात थेट क्वचितच येतात. छातीत धडधडणे, डोके जड होणे, अंग दुखणे, अशक्तपणा, पोटात गोळा येणे, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी घेऊन ते प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, खासगी दवाखाना किंवा रुग्णालयाचा अपघात विभाग येथे पोहोचतात. त्यामुळे मनोविकार परिचर्येचे विशेष शिक्षण न घेतलेल्या परिचारिकेचाही या रुग्णांशी नित्य संबंध येतो.

या परिचर्येत दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. रुग्णाला जाणवणारा त्रास खरा मानणे ही पहिली आणि अनावश्यक तपासण्या, इंजेक्शने व सलाईन यांचे चक्र वाढू न देणे ही दुसरी. यांपैकी पहिली सुटल्यास रुग्ण दुखावला जाऊन दुसऱ्या दवाखान्याची वाट धरतो. दुसरी सुटल्यास त्याचा आजार दृढ होतो आणि कुटुंब कर्जबाजारी होऊ शकते. गंभीर शारीरिक आजार नजरेतून निसटणार नाही, ही दक्षता दोन्हींसाठी आवश्यक असते.

## व्याख्या आणि वर्गीकरण

चिंता ही स्वाभाविक भावना आहे. परीक्षा, आजारपण, पावसाने दिलेली ओढ किंवा घरातील लग्नकार्य अशा प्रसंगी ती निर्माण होते व प्रसंग सरल्यावर ओसरते. चिंता प्रसंगाच्या मानाने फार तीव्र असेल, दीर्घकाळ टिकत असेल आणि तिच्यामुळे दैनंदिन जीवनात अडथळा येत असेल, तर तिला विकार मानतात. चिंताविकारांत पुढील प्रमुख प्रकारांचा समावेश होतो :

- सार्वत्रिक चिंताविकार : अनेक विषयांची, आवरता न येणारी काळजी, अमेरिकन निकषांनुसार ती किमान ६ महिने बहुतेक दिवशी असावी लागते.
- घबराट विकार : अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके आणि पुन्हा झटका येईल ही धास्ती. बोलीत यालाच ‘पॅनिक अटॅक’ येणे म्हणतात.
- विशिष्ट भयगंड : उंची, प्राणी, रक्त, इंजेक्शन इत्यादींचे अवाजवी भय.
- सामाजिक चिंताविकार : लोक आपल्याला जोखत आहेत या भीतीने चारचौघांत वावरणे टाळणे.
- गर्दीचे व मोकळ्या जागेचे भय : जेथून सहज बाहेर पडता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही, अशा ठिकाणांचे भय.

कायिक लक्षणविकारात एक किंवा अधिक शारीरिक लक्षणे रुग्णाला त्रस्त करतात आणि त्या लक्षणांविषयीचे विचार, भीती व वर्तन यांनी त्याच्या आयुष्याचा मोठा भाग व्यापला जातो. ही अवस्था सामान्यतः ६ महिन्यांहून अधिक काळ टिकते. याच गटात आजारचिंता विकाराचा समावेश होतो. त्यात लक्षणे नसतात किंवा अल्प असतात, परंतु मोठा आजार जडल्याची भीती सतत राहते. लकव्यासारखी दुर्बलता, वाचा जाणे, झटके येणे अशी मज्जासंस्थेच्या आजारासारखी लक्षणे दिसणारा रूपांतरण विकारही याच गटात येतो.

कायिक लक्षणविकार आणि ढोंग या भिन्न गोष्टी आहेत. रजा, भरपाई यांसारख्या लाभासाठी मुद्दाम आजाराचा बहाणा करणे हा मनोविकार नाही. कायिक लक्षणविकाराचा रुग्ण लक्षणे हेतुपुरस्सर निर्माण करत नाही. त्याला वेदना प्रत्यक्ष जाणवतात.

## संकल्पनेचा विकास

या तक्रारींना पूर्वी ‘हिस्टेरिया’, ‘मज्जादौर्बल्य’ अशी नावे होती. मज्जादौर्बल्य ही संज्ञा अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये रूढ केली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान निर्देशपुस्तिकेच्या १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीत घबराट विकार व सार्वत्रिक चिंताविकार यांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि ‘कायरूप विकार’ असा गट तयार करण्यात आला. त्या गटातील निदानांत लक्षणांमागे वैद्यकीय कारण न सापडणे या बाबीला मोठे महत्त्व होते.

२०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही भूमिका बदलली. कारण न सापडणे हा कायिक लक्षणविकाराचा निकष राहिला नाही. रुग्णाचा त्या लक्षणाशी असलेला भावनिक व वर्तनात्मक संबंध महत्त्वाचा ठरला. त्यामुळे मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीसही हे निदान लागू होऊ शकते. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात यासाठी ‘शारीरिक क्लेश विकार’ या अर्थाची संज्ञा आहे.

या बदलावर टीकाही झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲलन फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये असा आक्षेप घेतला, की नवे निकष फार सैल असल्याने शारीरिक आजाराने साहजिकच चिंतित झालेल्या अनेकांवर मनोविकाराचा शिक्का बसेल.

परिचर्याशास्त्राच्या बाजूने अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाउ (१९०९–१९९९) यांचे कार्य पायाभूत मानले जाते. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी परिचारिका व रुग्ण यांच्यातील परस्परसंबंध हाच उपचाराचा एक भाग असल्याचे प्रतिपादन केले. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र व घबराट या त्यांनी सांगितलेल्या चार पातळ्या आजही परिचर्येच्या अभ्यासक्रमात शिकवल्या जातात.

## शारीरिक लक्षणे का उद्भवतात

धोक्याची जाणीव होताच अनुकंपी चेतासंस्था कार्यरत होते व ॲड्रेनॅलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात, घाम येतो, तोंड कोरडे पडते, आतड्यांची हालचाल बदलते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते आणि त्यामुळे चक्कर येणे, ओठांभोवती व बोटांना मुंग्या येणे, हात आखडणे ही लक्षणे दिसतात. ही लक्षणे म्हणजे हृदयविकाराचा झटका किंवा लकवा आहे असे रुग्णास वाटले, की भीती वाढते व भीतीने लक्षणे आणखी वाढतात.

दीर्घकाळच्या तक्रारींत शरीरातील सामान्य संवेदनांकडे सतत लक्ष लागून राहते. वेदनेचा संदेश वाहणारी यंत्रणा अधिक संवेदनशील होते. हालचाल टाळल्याने स्नायू दुर्बल होतात आणि थोड्या श्रमानेही दुखू लागते. ही साखळी रुग्णास त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे परिचारिकेचे महत्त्वाचे काम असते.

## मराठी भाषक समाजातील अभिव्यक्ती

मनातील त्रास शरीराच्या भाषेत सांगण्याची रीत बहुतेक समाजांत आढळते. मराठीत ‘जीव घाबरा होणे’, ‘काळजात धस्स होणे’, ‘पोटात खड्डा पडणे’, ‘हातपाय गळणे’, ‘डोक्याला ताप’ असे अनेक वाक्प्रचार मन व शरीर यांना वेगळे न करता अनुभव मांडतात. ‘टेन्शन’ हा इंग्रजी शब्दही आता खेड्यापाड्यांत रुळला आहे. ‘तुम्हाला चिंता वाटते का?’ या प्रश्नास नकार देणारा रुग्ण ‘कशाचे टेन्शन येते?’ या प्रश्नावर मोकळेपणाने बोलू लागतो, असे अनेकदा घडते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात वासुदेव परळीकर, मिचेल वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी थकवा व अशक्तपणा या तक्रारींचा सांस्कृतिक अंगाने अभ्यास केला. त्यासाठी मनोविकार, सामान्य औषधवैद्यक, त्वचारोग व आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांतील रुग्णांच्या मुलाखती घेण्यात आल्या. एकाच स्वरूपाची तक्रार घेऊन रुग्ण निरनिराळ्या विभागांत जातात, ही बाब या रचनेतून अधोरेखित झाली. रुग्ण स्वतःच्या त्रासाचे कारण काय मानतो, हे विचारून घेणे परिचर्येतील मूल्यमापनाचा आवश्यक भाग का आहे, हे अशा अभ्यासांवरून कळते.

गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा स्त्रियांमध्ये अभ्यास केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तक्रारीचा जंतुसंसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी अधिक दृढ संबंध आढळला. याचा अर्थ तपासणी करू नये असा नाही. संसर्गाची तपासणी करून झाल्यावर त्या स्त्रीच्या घरातील परिस्थिती, झोप, भीती व होणारी मारहाण यांविषयी एकांतात विचारले जाणे आवश्यक ठरते.

‘अंगात येणे’ हा अनुभव सण, जत्रा किंवा विधीपुरता मर्यादित असेल व त्यापासून व्यक्तीस त्रास होत नसेल, तर त्यास विकार समजत नाहीत. मात्र उपचाराच्या नावाखाली रुग्णास मारहाण, साखळीने बांधणे, चटके देणे असे प्रकार होत असतील, तर ते महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतात. देवस्थानाला जाण्याची इच्छा असलेल्या कुटुंबाशी वाद न घालता, औषधोपचार चालू ठेवून दर्शन घेण्यास हरकत नाही असे सांगितल्यास कुटुंबाचे सहकार्य टिकते.

## परिचर्येची प्रक्रिया

### मूल्यमापन

प्रथम शारीरिक तपासणी केली जाते. नाडी, रक्तदाब, श्वसनाचा वेग, तापमान, रक्तातील ऑक्सिजन व आवश्यकतेनुसार साखर यांची नोंद घेतात. चिंतेसारखी लक्षणे निर्माण करणारे आजार लक्षात ठेवावे लागतात : थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दमा, साखर कमी होणे. दारू अचानक थांबवल्याने होणारा कंप, चहा-कॉफीचे अतिसेवन, तंबाखू व मिश्री यांचाही विचार करावा लागतो. शेतीच्या हंगामात घाम, कंप व धाप यांमागे कीटकनाशकाची बाधा तर नाही ना, याची विचारणा आवश्यक असते. छातीत दाबल्यासारखे दुखणे, बेशुद्धी, वजनातील अकारण घट, ताप, रक्तस्राव, नव्याने आलेली एकांगी दुर्बलता आणि उतारवयात प्रथमच सुरू झालेली लक्षणे ही धोक्याची चिन्हे मानून डॉक्टरांना तत्काळ कळवतात. पूर्वी कायिक लक्षणविकाराचे निदान झालेल्या रुग्णालाही नवा शारीरिक आजार होऊ शकतो, म्हणून प्रत्येक नवी तक्रार नव्याने ऐकावी लागते.

त्यानंतर लक्षण केव्हा सुरू झाले, त्या सुमारास आयुष्यात काय घडले, ते कशाने वाढते व कमी होते, त्यामुळे कोणती कामे बंद पडली, आजवर किती दवाखाने व तपासण्या झाल्या आणि त्यावर किती खर्च झाला, याची माहिती घेतात. झोप, भूक, व्यसने, नैराश्य व आत्महत्येचे विचार यांबाबत स्पष्ट शब्दांत विचारतात. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात भरवला जातो, हा समज चुकीचा आहे.

पडताळणीसाठी प्रश्नावल्यांचा उपयोग होतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जीएडी-७’ या प्रश्नावलीत ७ प्रश्न असून गुण ० ते २१ असतात. ५, १० व १५ हे अनुक्रमे सौम्य, मध्यम व तीव्र चिंतेचे उंबरठे मानतात. शारीरिक तक्रारींसाठी ‘पीएचक्यू-१५’ ही १५ प्रश्नांची व ० ते ३० गुणांची प्रश्नावली वापरतात. या प्रश्नावल्या निदानाची जागा घेत नाहीत. पुढील तपासणीची गरज व सुधारणेचे प्रमाण त्यांवरून समजते.

### परिचर्या निदान व उद्दिष्टे

परिचर्या निदान रोगनिदानाहून वेगळे असते. ते रुग्णाच्या प्रत्यक्ष अडचणीवर आधारलेले असते. चिंता, ताणाला तोंड देण्याच्या अपुऱ्या क्षमता, दीर्घकालीन वेदना, निद्राभंग, कौटुंबिक भूमिका पार पाडण्यातील अडथळा, सामाजिक एकाकीपणा ही या रुग्णांतील नेहमीची परिचर्या निदाने होत.

उद्दिष्टे मोजता येतील अशी ठरवतात. ‘रुग्ण बरा होईल’ असे मोघम उद्दिष्ट न लिहिता, ‘दोन आठवड्यांत रुग्ण रोज २० मिनिटे चालेल’, ‘झटका येताना श्वसनाची पद्धत स्वतः वापरेल’, ‘ठरलेल्या तारखेपूर्वी तातडीने दवाखान्यात येण्याची वेळ कमी होईल’ असे लिहितात. लक्षण पूर्णपणे नाहीसे होणे हे पहिले उद्दिष्ट नसते. लक्षण असतानाही जीवन पूर्ववत चालू होणे, हे असते.

### चिंतेच्या पातळीनुसार परिचर्या

सौम्य चिंतेत व्यक्ती सजग असते व शिकू शकते. आरोग्यशिक्षणासाठी ही पातळी अनुकूल असते. मध्यम पातळीत लक्ष एकाच गोष्टीवर केंद्रित होते. परिचारिकेने छोट्या वाक्यांत बोलावे व रुग्णास बोलते करावे. तीव्र पातळीत आकलन खुंटते. अशा वेळी सल्ला व चर्चा निरुपयोगी ठरतात आणि शांत जागा व एका वेळी एकच सूचना यांची गरज असते. घबराटीच्या पातळीत रुग्णास एकटे सोडत नाहीत.

घबराटीच्या झटक्यात पुढील क्रम अनुसरतात :

१. नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन पाहून धोक्याची चिन्हे तपासणे. पहिलाच झटका असल्यास किंवा शंका असल्यास हृदयालेख काढण्याची व्यवस्था करणे.
२. नातेवाइकांची गर्दी कमी करून एका विश्वासू व्यक्तीस जवळ ठेवणे.
३. स्थिर, संथ आवाजात ‘मी तुमच्याजवळ आहे. हा त्रास काही मिनिटांत उतरतो’ असे सांगणे.
४. नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून अधिक वेळ लावून सोडण्यास सांगणे व स्वतः सोबत करून दाखवणे.
५. पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूच्या वस्तूंची नावे घेण्यास सांगणे, जेणेकरून लक्ष शरीराकडून बाहेर वळते.
६. झटका ओसरल्यावर त्याचे स्वरूप समजावून देणे व पुढील भेटीची तारीख ठरवणे.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत. कारण दमा किंवा हृदयविकार असल्यास तो धोकादायक ठरू शकतो.

### कायिक लक्षणविकारातील परिचर्या

‘तुम्हाला काही झालेले नाही’ किंवा ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ ही वाक्ये रुग्णास अपमानास्पद वाटतात. त्याऐवजी ‘तपासण्यांत धोकादायक आजार आढळला नाही, ही चांगली गोष्ट आहे. तुमचा त्रास मात्र खरा आहे आणि तो कमी करण्यासाठी आपण काय करू शकतो ते पाहू’ अशी मांडणी करतात. ग्रामीण भागात आजी, मावशी, काका, दादा अशा संबोधनांनी विश्वास लवकर निर्माण होतो. तथापि नात्यातील किंवा गावातील ओळखीमुळे गोष्ट बाहेर जाईल अशी शंका रुग्णास असू शकते. म्हणून गोपनीयतेची हमी प्रारंभीच देणे आवश्यक असते.

भेटी लक्षणांवर अवलंबून न ठेवता ठरावीक अंतराने ठेवतात. रिचर्ड स्मिथ व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना असा सल्ला देण्यात आला होता : ठरावीक अंतराने भेट, प्रत्येक भेटीत थोडक्यात शारीरिक तपासणी, स्पष्ट कारणाशिवाय तपासण्या व भरती टाळणे. या पद्धतीने रुग्णांचा तिमाही वैद्यकीय खर्च ५३ टक्क्यांनी घटला. त्रास वाढल्यावरच लक्ष मिळते, हा अनुभव ठरावीक भेटींमुळे बदलतो; आजारी न पडताही कोणीतरी आपली विचारपूस करते, याची रुग्णास खात्री पटते.

भेटीचा आरंभीचा काही वेळ लक्षणांसाठी राखून उरलेला वेळ झोप, काम, घर, नाती व छोटे आनंद यांविषयी बोलण्यास दिला जातो. रुग्णाने लक्षण, त्याआधीचा प्रसंग व मनात आलेला विचार यांची रोजनिशी ठेवल्यास त्यांतील संबंध त्याच्याच लक्षात येऊ लागतो. लिहिता न येणाऱ्या रुग्णासाठी दिनदर्शिकेवर खुणा करण्याची सोपी पद्धत वापरता येते. हालचाल टप्प्याटप्प्याने वाढवतात : बरे वाटलेल्या दिवशी एकदम सारे काम उरकणे व दुसऱ्या दिवशी झोपून राहणे, हे दोन्ही टाळण्यास सांगतात.

अशक्तपणासाठी सलाईन लावून घेण्याची मागणी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्रास ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या बिगरतज्ज्ञ आरोग्यसेवकांसाठीच्या मार्गदर्शिकेत अशा तक्रारींवर जीवनसत्त्वांची इंजेक्शने किंवा अन्य निष्प्रभ उपचार न करण्याची स्पष्ट सूचना आहे. रक्तक्षय असल्यास त्यावर योग्य उपचार केले जातात. परंतु गरज नसताना लावलेली सलाईन ‘आपल्याला मोठा आजार आहे’ हीच समजूत पक्की करते.

रूपांतरण विकारात लक्षणाचे कौतुक किंवा चेष्टा न करता इजा होणार नाही अशी काळजी घेतात. झटका खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी कांदा हुंगवणे, चिमटे काढणे, टोचणे असे प्रकार निषिद्ध आहेत.

## औषधोपचारातील परिचारिकेची भूमिका

चिंताविकारांवर बोधात्मक वर्तनोपचार आणि सेरोटोनिन पुनर्ग्रहण रोधक औषधे ही प्रमुख उपचारसाधने आहेत. एस्सिटॅलोप्राम व सर्ट्रालिन ही या वर्गातील नेहमीची औषधे होत. त्यांचा परिणाम दिसण्यास साधारणपणे २ ते ६ आठवडे लागतात. आरंभी मळमळ, डोकेदुखी किंवा अस्वस्थता वाढू शकते. ही पूर्वकल्पना न दिल्यास रुग्ण औषध पहिल्याच आठवड्यात सोडतो. तरुण रुग्णांत आरंभीच्या काळात आत्महत्येच्या विचारांकडे विशेष लक्ष ठेवतात. बरे वाटले म्हणून औषध एकाएकी बंद करू नये, हेही समजावून सांगावे लागते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इत्यादी बेंझोडायझेपाइन वर्गातील औषधांनी तत्काळ आराम पडतो. परंतु त्यांची सवय लागू शकते. ती अल्पकाळच देणे इष्ट असते. वृद्धांत पडण्याचा धोका, दारूसोबत घेतल्यास श्वसन मंदावण्याचा धोका आणि अचानक थांबवल्यास झटके येण्याचा धोका यांची माहिती कुटुंबास देतात. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याच्या गोळ्या घेण्याची सवय आढळल्यास ती डॉक्टरांच्या निदर्शनास आणतात. प्रोप्रानोलॉल देण्यापूर्वी दम्याचा इतिहास विचारणे आवश्यक असते.

## कुटुंबाचा सहभाग

नातेवाईक बहुधा दोन टोकांच्या भूमिका घेतात : ‘नाटक करते’ म्हणून दुर्लक्ष किंवा सर्व कामे काढून घेऊन अतिकाळजी. दोन्हींमुळे लक्षणे टिकून राहतात. त्रासाविषयी कमी व इतर गोष्टींविषयी अधिक बोलणे, झेपतील अशी कामे रुग्णाकडेच ठेवणे आणि त्याने केलेल्या प्रयत्नांची दखल घेणे, असे मार्गदर्शन कुटुंबास केले जाते. सुनेच्या तक्रारीविषयी सासू किंवा पती यांनीच सर्व उत्तरे दिली, तर खरे कारण समजत नाही. म्हणून मुलाखतीचा काही भाग रुग्णाशी एकांतात घेतात.

## मुळशी तालुका व पुणे जिल्ह्यातील सेवा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यात दोन भिन्न जीवनपद्धती शेजारी नांदतात. सह्याद्रीच्या कुशीतील, मुसळधार पावसाची व भातशेतीची गावे एका बाजूस, तर हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल व पिरंगुट परिसरातील कारखाने दुसऱ्या बाजूस आहेत. त्यामुळे येथील परिचारिकेसमोर येणाऱ्या रुग्णांत शेतकरी स्त्रिया, जमीन विकलेली कुटुंबे, परप्रांतीय कामगार आणि रात्रपाळी करणारे संगणक अभियंते असे सर्व असू शकतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावरील वाड्यावस्त्यांपासून दवाखान्यापर्यंतचा प्रवास कठीण होतो. म्हणून ठरावीक भेटींचे नियोजन करताना ऋतूचा व एस. टी.च्या वेळांचा विचार करावा लागतो.

सार्वजनिक सेवेची साखळी आशा स्वयंसेविका, उपकेंद्रातील आरोग्यसेविका व समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पौड येथील ग्रामीण रुग्णालय अशी आहे. त्यापुढील उपचारांसाठी औंध येथील जिल्हा रुग्णालय, पुण्यातील ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग व येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालय येथे जावे लागते. चिंताविकार व कायिक लक्षणविकार यांच्या बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात भरती होण्याची गरज नसते. येरवड्याचे नाव काढताच रुग्ण व नातेवाईक बिचकतात. त्यामुळे ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे उपयुक्त ठरते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तीवर मराठीतही बोलता येते. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांतील १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणकाळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

## गोव्यातील ‘मानस’ प्रयोग

तज्ज्ञांची कमतरता असताना प्राथमिक स्तरावर काय साधता येते, याचे महत्त्वाचे उदाहरण गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगातून मिळते. उपरोक्त ‘टेलि-मानस’ सेवेशी त्याचा संबंध नाही. त्यात २४ प्राथमिक उपचार केंद्रांचा समावेश होता. त्यांपैकी निम्मी सरकारी व निम्मी खासगी होती. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंता असलेल्या रुग्णांना माहिती, धीर, श्वसनाचे व्यायाम आणि पाठपुरावा अशी टप्प्याटप्प्याची मदत देण्यात आली. गरजेनुसार डॉक्टर औषधे देत व तज्ज्ञ सल्ला देत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले; नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी केंद्रांत असा लक्षणीय फरक आढळला नाही. ऐकून घेणे व पाठपुरावा ठेवणे ही कामे योग्य प्रशिक्षण व देखरेख असल्यास स्थानिक आरोग्यसेवक परिणामकारकपणे करू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

## कायदेशीर व नैतिक बाबी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा, सन्मानाने वागवले जाण्याचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कलम ११५ नुसार गृहीत धरले जाते व तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण उपलब्ध करून द्यावे, अशीही तरतूद आहे.

निदानाचा शिक्का बसल्यावर पुढील प्रत्येक तक्रार ‘मानसिक’ ठरवली जाण्याचा धोका असतो. स्त्रिया, गरीब रुग्ण व भाषा न जाणणारे स्थलांतरित यांच्या बाबतीत तो अधिक असतो. म्हणून परिचारिकेने नोंदवहीत ‘नाटकी’, ‘कटकटी’ अशी विशेषणे न लिहिता रुग्णाचे शब्द, निरीक्षणे व केलेली कृती यांचीच नोंद करणे अपेक्षित असते.

## परिचारिकेवरील ताण

त्याच तक्रारी वारंवार ऐकून परिचारिकेस वैताग येणे, रुग्णास टाळावेसे वाटणे किंवा उलट त्याच्यात अतिरेकी गुंतणे, हे सर्व संभवते. पाळीतील मनुष्यबळाची कमतरता असल्यास हा ताण वाढतो. सर्व सहकाऱ्यांनी रुग्णाशी एकाच पद्धतीने वागणे, पाळी बदलताना काळजीची योजना सांगणे, ज्येष्ठ परिचारिकेशी नियमित चर्चा करणे व भेटीची वेळमर्यादा पाळणे या उपायांनी तो आटोक्यात ठेवता येतो. एका पाळीत ऐकून घेतले व दुसऱ्या पाळीत झिडकारले, असा अनुभव आल्यास रुग्णाचा विश्वास ढासळतो आणि तो पुन्हा नव्या दवाखान्याच्या शोधात निघतो.